म्युझियम बघायला जाताय? मग आधी नदीवर जा

मागच्या अंकात ह्या सदरात मी दोनच ओळी लिहिल्या होत्या, की अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये चॅड्स फोर्ड नावाच्या गावात ब्रँडीवाइन नदीच्या काठावर एका जुन्या पिठाच्या गिरणीत चित्रांचं म्युझियम आहे, बाग आहे, आणि फिलाडेल्फिया, डेलावेअर, न्यू जर्सीकडे मुलांकडे जाणाऱ्यांनी ते चुकवू नका. त्यावर एवढी पत्रं आली की ह्या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही दोघं एप्रिलच्या शेवटी मुलीकडे चाललोय, ती विल्मिंग्टनला असते. तुम्ही लिहिलंय ते ब्रँडीवाइन म्युझियम तिच्या घरापासून जवळच आहे आणि ती म्हणते पहिल्याच वीकेंडला जाऊ. जावई म्हणतात तिथे तासाभरात बघून होतं, त्यासाठी सुट्टीचा दिवस कशाला घालवायचा, सरळ न्यूयॉर्कला जाऊ. आम्हाला चित्रातलं काही कळत नाही. माझे गुडघे दुखतात, हिला बागेची फार आवड. काय करावं?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : काका, मुलीचं ऐका. न्यूयॉर्क पण करा, ते कुठे पळून जात नाहीये.

जावयांचं एक बरोबर आहे, भिंतीवरची चित्रं बघत नुसते चालत सुटलात तर तासाभरात बाहेर याल कारण इमारत फार मोठी नाही. पण हे म्युझियम तसं बघायचं नसतंच, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतेय कारण बहुतेक लोक तसंच बघून येतात, पार्किंग, तिकीट, मजले, दुकान, परत गाडी. नदी काचेतून बघतात, फोटो काढतात, झालं.

तुम्ही उलटं करा. पोचल्यावर आधी इमारतीच्या मागे नदीवर जा. नदी काही अवाढव्य नाही, उन्हाळ्यात बदलापूरजवळ उल्हास असते साधारण तशीच, संथ आणि जरा मातकट. काठावर सिकॅमोरची मोठी झाडं आहेत, त्यांची साल सुटून पडते आणि आतलं खोड पांढरंफटक दिसतं. ते खोड, ओली माती, गेल्या वर्षीचं वाळकं गवत, पाण्याचा हिरवट-तपकिरी रंग, हे सगळं दहा मिनिटं निवांत बघा. मग आत जा आणि अँड्र्यू वायेथ ह्या चित्रकाराच्या चित्रांसमोर उभे राहा. तेच रंग. तोच तपकिरी, तोच राखाडी, तोच जुन्या चुन्यासारखा पांढरा. हा माणूस १९१७ मध्ये ह्याच गावात जन्मला, २००९ मध्ये ह्याच गावात गेला आणि आयुष्यभर मुख्यतः दोनच ठिकाणं रंगवत राहिला, एक हे गाव आणि दुसरं उन्हाळ्यात जायचा ते मेन राज्यातलं समुद्रकाठचं गाव. शेजाऱ्याचं शेत, गोठा, बादली, खिडकी, उघडी टेकडी. ज्याने लहानपणी गावाकडची पडवी आणि गोठा बघितलाय त्याला ह्यात न कळण्यासारखं काय आहे सांगा. आम्हाला कळत नाही असं म्हणून आपण स्वतःच मागे राहतो, हे मी इथल्या प्रदर्शनांतही नेहमी बघते आणि मला त्याचं वाईट वाटतं.

मग थोडा वेळ बसा, काहीतरी गरम घ्या (नदी दिसेल असं कॅफे आहे), पुन्हा बाहेर जाऊन या आणि पुन्हा आत. असे बघितलेत तर अर्धा दिवस कसा गेला कळणार नाही.

इमारतीबद्दल पण सांगते. ही गिरणी १८६४ मध्ये बांधलेली, हॉफमनची गिरणी म्हणून ओळखली जायची, आणि १९७१ मध्ये तिचं म्युझियम झालं. आतल्या जुन्या लाकडी तुळया तशाच ठेवल्यात आणि नदीच्या बाजूला काचेचा भाग जोडलाय, त्यामुळे एका दालनातून दुसऱ्यात जाताना मध्येच नदी समोर येते. ते बांधणाऱ्याने मुद्दाम केलंय, तेव्हा तिथे थांबा.

आता काकूंसाठी. ही बाग म्हणजे गुलाबाचे वाफे आणि कापलेली हिरवळ नव्हे. त्या खोऱ्यात जी झाडं-फुलं आपोआप उगवतात तीच मुख्यतः इथे लावलीत आणि अशी निवडलीत की वसंताच्या सुरुवातीपासून पहिली कडाक्याची थंडी पडेपर्यंत काही ना काही फुललेलं असतं. तुम्ही एप्रिलअखेर पोचताय म्हणजे व्हर्जिनिया ब्लूबेल सापडायची चांगली शक्यता आहे, तिच्या कळ्या गुलाबी असतात आणि फूल उमललं की निळं. उशीर झाला तर ती संपते, उन्हाळा लागता लागता पानंसुद्धा वाळून जातात, म्हणून गेल्या गेल्या पहिल्याच वीकेंडला जा. ऑगस्टमध्ये अजून तिकडेच असाल तर परत जा, तेव्हा ओलसर जागी कार्डिनल फ्लॉवर फुलतं, इतकं लाल की फोटोत खोटं वाटतं, आणि त्यावर हमिंगबर्ड येतात. मी स्वतः वसंतात पण गेलेय आणि ऑक्टोबरात पण, आणि कुठला ऋतू चांगला असं विचारलंत तर मी ऑक्टोबर म्हणेन, नदीकाठी जांभळे ॲस्टर आणि पिवळा गोल्डनरॉड असतो आणि वर मेपलची पानं रंग बदलत असतात.

गुडघ्यांचं म्हणाल तर म्युझियममध्ये लिफ्ट आहे, बसायला जागा आहे, घाई कोणी करत नाही. वायेथ कुटुंबाचे (अँड्र्यूचे वडीलही चित्रकार होते) स्टुडिओ आणि अँड्र्यूच्या चित्रांतलं कर्नर फार्म नावाचं शेत बघायची वेगळी टूर असते, म्युझियमपासून गाडीने नेतात, ती साधारण एप्रिल ते नोव्हेंबर चालते आणि वेगळं तिकीट लागतं. तिथे चढ-उतार आणि पायऱ्या असतात म्हणून सगळं एका दिवशी करू नका, एकच निवडा. मी तुमच्या जागी असते तर अँड्र्यूचा स्टुडिओ निवडला असता, जुनी शाळा आहे ती, १९४० पासून जवळजवळ शेवटपर्यंत तो तिथे काम करायचा आणि काम चाललंय, त्रास देऊ नका, सही मिळणार नाही अशा अर्थाची पाटी अजून दारावर आहे. वेळा आणि सुट्टीचा वार मुलीला निघायच्या आधी वेबसाइटवर बघायला सांगा, सार्वजनिक बस-ट्रेनच्या भरवशावर जाण्यासारखं हे ठिकाण नाही, गाडीच लागते.

आणि एक गोष्ट मात्र नीट ऐका, आपली मंडळी हे कधी सांगत नाहीत. पेनसिल्व्हेनियात उंच गवतात टिक म्हणजे गोचिडीसारखा बारीक किडा असतो, त्याच्या चाव्यातून लाइम नावाचा आजार होतो आणि त्या राज्यात तो भरपूर आहे. नदीकाठच्या वाटेवर जाताना पूर्ण पँट, पायमोजे, वाट सोडून गवतात शिरायचं नाही, काकूंनी साडी नेसली तर आत लेगिंग आणि मोजे, घरी आल्यावर गुडघ्याच्या मागे, काखेत, केसांत बघायचं. तशीच तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही, हात लावला तर अंगावर पुरळ उठतं आणि दिवसेंदिवस खाजतं, फूल बघताना शेजारी काय आहे ते पण बघा.

प्रश्न : म्युझियम नदीच्या इतकं काठावर कसं काय बांधलं? आम्ही कळव्याला राहतो, २६ जुलै २००५ अनुभवलाय, पाण्याजवळ मौल्यवान वस्तू ठेवायची कल्पनाच आम्हाला सहन होत नाही. पूर येत नाही का तिकडे?
– एक वाचक, कळवा

उत्तर : येतो, आणि फार वाईट आला होता. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाचा उरलेला पाऊस तिकडे कोसळला आणि ब्रँडीवाइनने चॅड्स फोर्डला आधीचे सगळे उच्चांक मोडले. म्युझियमच्या आवारात आणि खालच्या भागात पाणी शिरलं, नुकसान मोठं झालं, पण चित्रं वरच्या मजल्यांवर असल्यामुळे वाचली.

तुमचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो कारण ह्या म्युझियमचा जन्मच पुराच्या जमिनीवरून झालाय. आधी म्युझियम आणि मग नदी असं नाहीये ते. १९६० च्या दशकात नदीकाठच्या सखल जमिनीवर कारखाने यायची वेळ आली होती. गिरणी तिथे होती कारण तिला चालायला पाणीच लागायचं, पण कारखाने आले असते तर पुराच्या पाण्याला पसरायला जागा उरली नसती आणि खाली विल्मिंग्टन शहर ह्याच नदीचं पाणी पितं, ते पण गेलं असतं. तेव्हा गावातल्या काही लोकांनी एकत्र येऊन १९६७ मध्ये ती जमीन विकत घेतली आणि संस्था काढली. जॉर्ज वेमाउथ हा त्यांच्यातला पुढाकार घेणारा, तो स्वतः चित्रकार. चार वर्षांनी त्याच संस्थेने जुन्या गिरणीत म्युझियम उघडलं. म्हणजे चित्रं सांभाळणारी आणि नदी सांभाळणारी संस्था एकच आहे, आजपर्यंत.

त्यांनी पुढे जे केलं ते आपल्याकडच्या लोकांनी खरंच समजून घ्यावं. प्रत्येक जमीन विकत घेणं कुठल्याच संस्थेला परवडत नाही, म्हणून ते शेतकऱ्याशी कायमचा करार करतात, जमीन तुझीच, शेती कर, विक, मुलांना दे, पण तिच्यावर प्लॉटिंग आणि बांधकाम करायचा हक्क मात्र कायमचा सोडायचा, पुढचा मालक आला तरी त्यालाही तो करार लागू. त्या बदल्यात मालकाला करात सवलत वगैरे मिळू शकते. अशा आणि बाकीच्या मार्गांनी ७० हजार एकरांच्या वर जमीन त्यांनी मोकळी ठेवलीय. अँड्र्यू वायेथच्या चित्रातली टेकडी आज जाऊन बघता येते ती ह्याच कामामुळे, नाहीतर तिथे पण टॉवर उभे असते.

तुम्ही कळव्याचे म्हणून सांगते, २६ जुलैला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता, एवढं पाणी कुठलंच गटार वाहून नेऊ शकत नाही, त्याला पसरायला जागाच लागते. आपल्याकडे ती जागा म्हणजे खाडीकाठची तिवरं आणि पाणथळ जमीन. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळतो तो) मिळाला, ते फक्त गुलाबी पक्षी बघायला म्हणून नाही, ती जमीन आपलं पाणी झेलते म्हणूनही जपायची. नदीकाठी बाग करायची म्हणजे काँक्रीटची भिंत घालून वर पेव्हर ब्लॉक आणि रंगीत लाइट असं जे आपल्याकडे समजलं जातं त्याला बाग म्हणायला माझं मन तयार होत नाही. ब्रँडीवाइनची बाग पाण्याखाली जाऊ शकते असं धरूनच तिथली बरीच झाडं तिथे आहेत, ओल्यात जगणारी.

प्रश्न : माझी नात नववीत आहे, दिवसभर चित्रं काढते. सुट्टीत तिच्या मावशीकडे न्यू जर्सीला जाणार आहे. तिने इंटरनेटवर एक चित्र बघितलंय, गवतात बसलेली पाठमोरी बाई आणि दूर टेकडीवर घर. ते ह्याच म्युझियममध्ये आहे का? आणि तिला तिथे नेमकं काय दाखवायला सांगू? तिला पुढे इलस्ट्रेशन शिकायचंय, घरचे म्हणतात ती काय खरी कला आहे का.
– एक आजी, सेक्टर १७, वाशी

उत्तर : आजी, ते चित्र म्हणजे ख्रिस्तिनाज वर्ल्ड, अँड्र्यू वायेथनेच १९४८ मध्ये काढलेलं, पण ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे, ब्रँडीवाइनला नाही. प्रसंग मेनमधला आहे, ती बाई त्याच्या ओळखीची शेजारीण, तिला चालता यायचं नाही, ती शेतातून सरपटत जायची. न्यू जर्सीहून न्यूयॉर्क जवळच, तेव्हा नातीला ते आधी दाखवा आणि मग ब्रँडीवाइनला न्या, तिला बरोबर कळेल की हा माणूस कुठून आला.

आता घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर. ब्रँडीवाइनला नातीने सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो अँड्र्यूला नाही, त्याच्या वडलांना, एन. सी. वायेथना. ते इलस्ट्रेटर होते, पुस्तकांसाठी चित्रं काढणारे. हॉवर्ड पाइल नावाच्या मोठ्या इलस्ट्रेटरकडे शिकायला ते ह्या भागात आले आणि इथेच राहिले. १९११ मध्ये ट्रेझर आयलंड ह्या पुस्तकासाठी त्यांनी चित्रं काढली आणि त्या पैशातून चॅड्स फोर्डला जमीन घेऊन घर-स्टुडिओ बांधला. पुस्तकात ती चित्रं पानाएवढी दिसतात पण मूळ चित्रं तैलरंगातली, जवळजवळ चार फूट उंच आहेत, त्यातली काही ह्या म्युझियमकडे आहेत. नातीला सांगा, आधी पुस्तकातलं छापील चित्र मोबाइलवर उघडून ठेव आणि मग मूळ चित्रासमोर उभी राहा. सावलीत किती रंग आहेत ते छपाईत येतच नाही. ब्रश कुठे जोरात मारलाय, कुठे एका फटक्यात हात रंगवलाय, ते तिला दिसेल, आणि चित्र काढणाऱ्या मुलीला एवढं दिसलं की बाकी शिकवावं लागत नाही.

आपल्याकडे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर ह्या चित्रकारांनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठं केली, ती घराघरात पोचली, लोकांनी कापून फ्रेम करून लावली, आणि तरी ती खरी कला नाही असं म्हणणारे तेव्हाही होते. लाखो लोकांनी प्रेमाने जपलेलं चित्र कमी प्रतीचं कसं ठरतं हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही. तिकडे इलस्ट्रेटरच्या मूळ चित्रांसाठी अख्खं म्युझियम आहे आणि शाळेची मुलं रांगेने बघायला येतात. दलालांच्या मूळ चित्रांसाठी असं एखादं कायमचं दालन आपल्या ठाण्यात असावं असं मला फार वाटतं.

अँड्र्यूच्या चित्रांजवळ गेल्यावर तिला टेम्पेरा बघायला सांगा. रंगाची पूड, पाणी आणि अंड्यातला पिवळा बलक एवढंच असतं त्यात. पटकन वाळतं, त्यामुळे तैलरंगासारखं ओल्यात ओलं मिसळता येत नाही, बारीक रेघेवर रेघ घालत जावं लागतं, गवताची एकेक काडी अशी बनते. महिनोन्महिने. तिसरी पिढी म्हणजे अँड्र्यूचा मुलगा जेमी वायेथ, त्याचं १९७० मधलं डुकरिणीचं मोठ्ठं पोर्ट्रेट आहे, अंगावरचा एकेक केस रंगवलाय, चित्र काढताना तिने त्याच्या रंगाच्या ट्यूब खाल्ल्याचा किस्सा तो सांगतो. लहान मुलं तिथून हलत नाहीत. स्केचबुक आणि पेन्सिल बरोबर द्या, रंग नको, आणि आत काढायच्या आधी डेस्कवर विचारायला सांगा.

प्रश्न : तुम्ही लिहिलंत तशा बागेतल्या रानफुलांच्या बिया तिथल्या दुकानात मिळतात असं ऐकलं. माझा भाऊ येताना आणू शकतो का? बाल्कनीत लावायच्या आहेत.
– एक वाचक, खारघर

उत्तर : नको. आवड समजते पण नको. एक तर परदेशातून बिया आणायला परवानगी आणि तिथल्या अधिकाऱ्यांचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, बॅगेत टाकून आणणं बेकायदेशीर आहे. दुसरं म्हणजे बर्फाची थंडी मिळाल्याशिवाय त्यातल्या बऱ्याच बिया उगवतच नाहीत, खारघरच्या उन्हात काय होणार त्यांचं. आणि समजा एखादी जोमाने वाढलीच तर ते अजून वाईट, घाणेरी म्हणजे लँटाना अशीच शोभेची म्हणून आली होती, आज येऊरपासून सगळ्या डोंगरांवर पसरलीय.

त्या बागेकडून घ्यायचं असेल तर बी नका घेऊ, पद्धत घ्या, आपल्या मातीतलं लावा. बाल्कनीत अबोली, कोरांटी, अडुळसा मजेत येतात. कुंडीत कढीपत्ता लावा, त्यावर कॉमन मॉर्मन फुलपाखरू अंडी घालतं, अळ्या पानं खातील, खाऊ द्या, औषध मारू नका. आणि पावसाळ्यात खारघरच्या टेकडीवर तेरडा बघायला जा, तो घरी आणायची गरजच नाही.

प्रश्न : आमचं कोणी परदेशात नाही. नदी, बाग आणि चित्रं एकत्र बघायला मिळतील असं इकडे काही आहे का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : आहे की, आणि नेरूळहून दोन दिवसांत होतं. वाईजवळ मेणवलीला जा. कृष्णेच्या काठावर नाना फडणवीसांचा वाडा आहे, आत भिंतींवर जुनी रंगीत चित्रं आहेत, मागच्या बाजूने उतरलं की थेट घाट आणि नदी. घाटावरच्या देवळापाशी मोठी घंटा टांगलीय, ती वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधून आणलेली. वाड्यातली चित्रं अंधारात आहेत, मोबाइलचा टॉर्च मारत बसू नका, डोळे सरावेपर्यंत थांबा, दिसायला लागतात.

तिथे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी साताऱ्यावरून औंधला जा. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर बांधलेलं भवानी म्युझियम आहे, राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं आहेत, हेन्री मूर ह्या जगप्रसिद्ध शिल्पकाराचं आई आणि मुलाचं लहानसं शिल्प आहे, आणि ते एवढ्या आडगावात आहे हे आपल्यातल्या कितीतरी जणांना माहीतच नसतं. निघायच्या आधी म्युझियम उघडं आहे ना ते फोनवर विचारून घ्या. दिवाळीनंतरचे दिवस सगळ्यात चांगले, हवा कोरडी असते आणि कृष्णेला पाणीही असतं. पावसाळ्यात गेलात तर मेणवलीला घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर उतरू नका, शेवाळ असतं आणि धरणातून पाणी सोडलं की पातळी पटकन वाढते.